पुडीवरचे नाव

आमच्या गच्चीवर मिरचीच्या अकरा कुंड्या आहेत. कुंड्या म्हणायचे इतकेच. त्यांतले चार तेलाचे पत्र्याचे डबे आहेत, तळाला खिळ्याने भोके पाडलेले. सातांत ब्याडगी आणि चारांत ढबू. पुण्याकडची मंडळी जिला भोपळी किंवा सिमला मिरची म्हणतात, ती आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडे ढबू. निवृत्त झाल्यावर माणसे देवळात जाऊ लागतात; मी गच्चीवर जाऊ लागलो.

मिरची लावायला फारशी विद्या लागत नाही. मृगाआधी तरू टाकावे, आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात, पाच-सहा आठवड्यांनी रोपे कुंडीत हलवावीत. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत, आणि पाणी साचू न देण्याची खबरदारी. ब्याडगी सोशिक असते. ढबूचे मात्र माहेरवाशिणीसारखे कौतुक करावे लागते. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुले गाळून मोकळी. पाने आकसून बोकड्या झाला तर ते झाड उपटून टाकण्याचे धैर्य लागते, आणि ते मला अजून आलेले नाही.

पण मला लिहायचे आहे ते एका पुडीविषयी.

आमच्या भिंतीपलीकडे अक्का राहतात. त्यांची मातृभाषा कानडी. त्या मराठी बोलतात आणि मी कानडी बोलतो, आणि दोघेही एकमेकांच्या व्याकरणाकडे दुर्लक्ष करतो. तीन वर्षांपूर्वी त्यांचा चार वर्षांचा नातू इथे राहायला आला. त्याला तिखट अजिबात चालत नसे, म्हणून अक्कांनी माझ्याकडे ढबूचे बी मागितले. मी आनंदाने दिले. दोन फळे झाडावरच लालभडक होईपर्यंत ठेवली होती. त्यांचे बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधले. पुडीवर मराठीत लिहिले, ‘ढबू – गोड’. खाली कानडी अक्षरांत, ‘खार इल्ल’.

या ‘खार’ शब्दाने आमच्या घरात पूर्वी एक घोटाळा केला आहे. कानडीत खार म्हणजे तिखट. आमची सून पुण्याची. नवी असताना अक्कांनी तिला ‘खार कमी घाल गं’ म्हटले, तर तिने आमटीतले मीठ कमी केले. असो.

अक्कांकडे सहा रोपे जगली. चारांना चांगली चौकोनी ढबू लागली. दोघांची फळे जरा लहान आणि टोकाला चोच आलेली. अक्कांना वाटले, खत कमी पडले. एके दिवशी नातवाने त्यातलेच एक तोडून खाल्ले. त्याचे रडणे मला गच्चीवर ऐकू आले. तासाभराने अक्का भिंतीपाशी आल्या. रागावल्या नव्हत्या. “मास्तर, तुमच्या गोड मिर्चीनं पोराला रडवलं की हो,” एवढेच म्हणाल्या.

मी खोटे बोललो होतो का?

पहिले उत्तर सोपे होते. ज्या फळांचे बी दिले ती आम्ही स्वतः खाल्ली होती, आणि ती गोड होती. पण ब्याडगी आणि ढबू या दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकच जात: कॅप्सिकम ॲन्युअम. दोघींची फुले पांढरी, खाली माना घातलेली. मिरचीचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाशी कुंडीवरची पाटी वाचत नाही. लोक समजतात की तिखट मिरचीशेजारी लावली तर ढबू त्याच वर्षी तिखट होते. तसे नाही. फळाचा गर आईचा असतो. माशीने केलेला व्यवहार आतल्या बियांत राहतो आणि पुढच्या वर्षीच्या झाडावर उघड होतो. दोघांपैकी एकाकडून तिखटपणा आला तरी पुरतो. म्हणजे माझा पुरावा खरा होता, पण तो फळाचा होता. पुडीत मी बी दिले होते.

इथवर अज्ञान म्हणता आले असते. अडचण अशी की मला हे सारे ठाऊक होते. एका कृषी मेळाव्यात ऐकले होते, मान डोलावली होती. बी धरायचे असेल तर कळीवर मलमलीची पिशवी बांधावी, हेसुद्धा कळले होते. आणि पुडीवर ‘गोड’ लिहीत असताना ते क्षणभर आठवलेही होते. ‘बहुधा गोड’ असे लिहावे असे मनात आले, आणि मी ते लिहिले नाही. भेट देताना अटी घालणे दुकानदारासारखे वाटले. शिवाय ‘गोड’ हा शब्द एकटाच छान दिसत होता. न कळणे आणि कळून न सांगणे यांत किती अंतर असते? माझ्या बाबतीत एका शब्दाचे होते.

मला माझी नोकरी आठवली. तीस वर्षे शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर मी ‘वर्तणूक – चांगली’ असे लिहीत आलो. सगळ्यांच्याच. कुणाचे वाईट होऊ नये हा हेतू होता, आणि हात सवयीने चालत होता हेही खरे.

पुढे झाले ते असे. त्या चोचदार मिरच्यांची अक्कांनी भजी केली. आमच्या भागात मिरची-भजी म्हणजे काय हे सांगायला नको. ढबूपेक्षा लांबट, ब्याडगीपेक्षा मांसल, बेताची तिखट. दोन्ही घरांत ताटे रिकामी झाली. आमच्या घरातून निकाल आला, “अहो, चांगलंच झालं की, आता कशाला कुढताय?” मला हे पटत नाही. पोराने ते हात डोळ्यांना लावले असते तर? पुडी तीच, अक्षर तेच. भजी चांगली झाली म्हणून माझ्या हातून सुटलेला शब्द मागाहून लिहिला गेला असे होत नाही.

मिसळ झाली याचे मला दुःख नाही. शुद्ध भाषेवर व्यासपीठावरून मीही बोललो आहे, आणि घरी येऊन ‘होय की हो’ म्हटले आहे. खुद्द मिरची तरी कुठली? सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून अमेरिकेतून आलेली पाहुणी. आपण तिला मिरीवरून मिरची म्हटले, कानडीने मिऱ्याला मेणसु म्हणतात त्यावरून मेणसिनकाई म्हटले. दोन भाषांना एकमेकींना न विचारता एकच युक्ती सुचली. तेव्हा ढबूने ब्याडगीशी घरोबा केला याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरोबा झाला असेल हे ठाऊक असून मी तो पुडीवर लिहिला नाही, एवढीच बोच आहे.

मी ते अक्कांना सांगितले. सांगायला आठ दिवस लावले. त्या हसल्या, आणि त्याच भजीच्या झाडांचे बी धरून मला द्या म्हणाल्या. त्यांच्या बहिणीला धारवाडला पाठवायचे होते. आता पुन्हा तोच पेच. त्या झाडांचे बी आईसारखे निघेलच असे नाही. तिखटपणाखाली गोडवा झाकला गेला आहे, गेलेला नाही. पुढच्या पिढीत साधारण चारांतले एखादे झाड निव्वळ गोड निघेल, बाकीची तिखट, आणि आकार कुणाचा कसा येईल ते सांगवत नाही. हे सगळे पुडीवर लिहायला घेतले. मराठीत चार ओळी झाल्या, खाली कानडीत तीन, आणि तरी ‘मुलांच्या हाती देऊ नये’ हे राहिलेच.

आमच्या घरातून चहा घेऊन येताना पाहणे झाले. “ही पुडी आहे का सीमाप्रश्नाचा दावा?”

भिंतीपलीकडून अक्का हाक मारत होत्या. मी पुडी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागलो.