कोठीची किल्ली

साखरखेर्डा हे गाव बुलढाणा जिल्ह्याबाहेर आज फारसं कुणाला ठाऊक नाही. पण ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच शिवारात निजाम-उल्-मुल्कानं मुबारिझखानाचा पराभव केला, खान लढाईत पडला, आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. विजयाची आठवण म्हणून गावाला फतेहखेर्डा असं नावही दिलं गेलं. लोक मात्र साखरखेर्डाच म्हणत राहिले. राजाचा हुकूम लोकांच्या जिभेपर्यंत पोचतोच असं नाही, हे या मातीला तेव्हापासून माहीत असावं.

पुढच्या गोष्टीतले पाटील आणि त्यांचा भाचा माझे आहेत. राजे, करार आणि तारखा खऱ्या आहेत.

साखरखेर्ड्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर पाटलांचं गाव. गावात बियाण्याची एक कोठी होती. सुगीला प्रत्येक घरानं तीत थोडी ज्वारी घालायची, पेरणीला ज्याचं बियाणं कमी पडेल त्यानं न्यायची आणि पुढच्या सुगीला सवाईनं परत करायची. कोठीची किल्ली पाटलांच्या करदोड्याला बांधलेली असे. त्यांच्या आधी ती वडिलांच्या करदोड्याला होती, त्याआधी आजोबांच्या. कोठीत किती आलं, किती गेलं, हे तीन पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं आणि पाटलांनी सांगितलंही नव्हतं.

१९३६ च्या पावसाळ्यात पाटलांचं नाल्याकाठचं वावर खरडून गेलं. माती गेली, पण सातबाऱ्याआधीच्या त्या काळातही सारा कागदावर जिथल्या तिथंच होता. सूट मिळावी म्हणून पाटलांनी अर्ज केला. पटवाऱ्यानं तो मेहकरला तहसिलीत धाडला, तहसिलीनं बुलढाण्याला डिप्टी कमिश्नरांकडे, आणि तिथून उत्तर आलं की हे नागपूरच्या अखत्यारीत आहे. पाटील स्वतः बुलढाण्याला गेले. तिथं त्यांना दोन निशाणं दिसली, एक इंग्रजांचं आणि एक निजामाचं. परत आल्यावर त्यांनी भाच्याला गाठलं. भाचा शाळामास्तर, वर्तमानपत्र वाचणारा.

“गुरुजी, आपला राजा कोन हाये?”

प्रश्न सोपा नव्हता. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामानं इंग्रजांच्या हवाली केलं होतं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. मग ऑक्टोबर १९३६ मध्ये नवा करार झाला: वऱ्हाडवरचं सार्वभौमत्व निजामाचंच, त्याचं निशाण इथं इंग्रजांच्या निशाणाशेजारी फडकेल, आणि त्याचे थोरले चिरंजीव आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणतील. कारभार मात्र मध्यप्रांताबरोबर एकत्र, नागपूरहून. कायदे करायला तिथं ११२ सभासदांची विधानसभा, तिच्या वर गव्हर्नर, आणि गव्हर्नर जाब देणार लंडनला.

“म्हंजे या प्रिन्सले सारा माफ करता येते?”

“मामा, त्यांना पटवाऱ्याची बदलीसुद्धा करता येत नाही.”

“मंग लंडनचा राजा?”

त्या वर्षी लंडनचीही पंचाईतच होती. जानेवारीत पाचवे जॉर्ज वारले, आठवे एडवर्ड आले, आणि डिसेंबरात तेही गेले, कारण त्यांना ज्या बाईशी लग्न करायचं होतं ते मंत्रिमंडळाला मान्य नव्हतं. एका वर्षात तीन राजे. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा पाटलांना हसू आवरेना. “राजालेबी लगन इचारून करा लागते?” मग जरा थांबून म्हणाले, “पन तिथं कोनाले इचारायचं, हे तरी ठरेल हाये.”

माझ्या मते वऱ्हाडच्या कराराची खरी मेख पाटलांच्या या एका वाक्यात आहे. इंग्लंडात राजा आणि संसद यांच्यात सत्तेची वाटणी झाली ती भांडून, रक्त सांडून, आणि शेवटी एवढं निश्चित झालं की राजा मंत्र्यांच्या सल्ल्यानं चालेल आणि मंत्री संसदेला जाब देतील. वऱ्हाडातही वाटणी झाली होती. नाव एकाकडे, भाडंही त्याच्याकडेच, अंमल दुसऱ्याकडे, भाषणं तिसऱ्याकडे. जाब मात्र कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला प्रत्येकानं दुसऱ्याचं दार दाखवायचं, अशी ती सोय होती.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला पाटील जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भेंडवळच्या घटमांडणीला गेले. तिथं शेतात धान्यं मांडतात, मधोमध पाण्याची घागर आणि तिच्याजवळ पानाचा विडा. विडा म्हणजे राजा. पहाटे तो जागेवर असला तर राजाची गादी कायम. पाटलांनी शेजारच्याला विचारलं म्हणतात, की या पानात निजाम हाये, का इंग्रज, का नागपूरवाले? उत्तर मिळालं नाही.

त्याआधीच १९३७ ची निवडणूक झाली होती. सारा भरणारे म्हणून पाटलांना मत होतं, त्यांनी दिलं. त्या उन्हाळ्यानंतर नागपुरात डॉ. ना. भा. खरे यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. पाटलांना वाटलं, आता दार सापडलं. पण जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, तीन मंत्र्यांनी द्यायला नकार दिला, तेव्हा गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ करून खऱ्यांनाच नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. त्यावर काँग्रेसच्या कार्यकारिणीनं खऱ्यांनाच पायउतार व्हायला लावलं आणि रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. एक फेरी गव्हर्नरनं खेळली, दुसरी पक्षानं. मतदारांना आणि विधानसभेला कळलं ते वर्तमानपत्रातून. अर्जाचं काय झालं हे विचारायला पाटील पुन्हा गेले नाहीत.

त्याच वर्षी हिवाळ्यात भाच्यानं औंधची बातमी वाचून दाखवली. साताऱ्याकडचं संस्थान, आटपाडी, कुंडल अशी विखुरलेली सत्तरेक गावं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले, स्वतः चित्रं काढणारे. त्यांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देतो. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि भारतानंद नाव घेतलेले पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन गांधीजींकडे जाऊन बसले, मसुदा झाला, आणि जानेवारी १९३९ मध्ये तो अमलात आला. खाली गावपंचायती, त्यांच्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ, आणि मंत्री विधिमंडळाला जबाबदार. राजानं आपली गादी ठेवली, खजिन्याची मुखत्यारी सोडली.

पाटलांचा विश्वास बसला नाही. “राजा कदी सोडते का काई?”

शंका रास्तच होती. औंधचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो: तो प्रयोग चांगल्या राजाच्या हयातीत झाला आणि मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जेमतेम नऊ वर्षं चालला. वाईट राजा गादीवर आला असता तर त्या कागदानं त्याला अडवलं असतं का, हे पाहायची वेळच आली नाही. तरीही एवढं खरं, की तिथल्या शेतकऱ्याला कुणाचं दार ठोठावायचं ते माहीत होतं.

त्या बातमीनंतरच्या जूनमध्ये गावातली एक विधवा कोठीतून दोन पायली ज्वारी मागायला आली. तिच्या दिराचा आणि पाटलांचा बांधावरून वाद होता. पाटील म्हणाले, “कोठीत नाई.” भाचा ओसरीवर बसला होता. तो एवढंच म्हणाला, “मामा, ती आता कुणाला विचारेल? मेहकरला, बुलढाण्याला, का नागपूरला?”

पाटील चिडले. भाच्याशी बोलणं टाकलं. आठवडाभरानं त्यांनीच मारुतीच्या पारावर गाव बोलावलं.

पाच पंच नेमायचे ठरले. त्यात महारवाड्यातला एक घ्यावा का, यावर एक रात्र गेली. घ्यायचं ठरल्यावर तो पारावर बसेल की खाली, यावर दुसरी गेली. तो पारावर बसला. मग कलमं. बियाणं कुणाला द्यायचं ते पंच ठरवतील. किल्ली पाटलांच्याच करदोड्याला राहील, कारण ती काढायला गावही तयार नव्हतं. पंचांचा निर्णय पाटलांना पटला नाही तर ते एकदा परत पाठवतील, पण कारण पारावर सगळ्यांसमोर सांगायचं. पंचांनी तोच निर्णय पुन्हा दिला तर दिवस मावळायच्या आत कुलूप उघडायचं. इथं एका म्हाताऱ्या कोष्ट्यानं विचारलं, “अन् नाई उघडलं तं?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी लिहिलं गेलं: पंचांनी कुलूप फोडावं आणि नव्या कुलपाचे पैसे पाटलांनी द्यावेत.

दहा वर्षांनी दिल्लीत घटना लिहिणाऱ्यांनी राष्ट्रपतींना जवळपास पाटलांचाच अधिकार दिला. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखाच, असं डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत स्पष्टच सांगितलं होतं. कलम १११ प्रमाणे तो विधेयक एकदा परत पाठवू शकतो. संसदेनं पुन्हा मंजूर केलं की त्याला संमती रोखता येत नाही. फोडायच्या कुलपाची सोयही आहे, तिला महाभियोग म्हणतात. पण परत पाठवायचं ते ‘शक्य तितक्या लवकर’, एवढंच घटना म्हणते, आणि राज्यपालांच्या बाबतीत या दोन-तीन शब्दांवरून आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. दिवस मावळायच्या आत, असं लिहायचं पारावरच्या माणसांना बरं सुचलं.

विधवेचं प्रकरण पहिलंच निघालं. पंच म्हणाले, द्यावी. पाटलांनी परत पाठवलं. कारण सांगितलं की मागची सवाई बाकी आहे. ते खरं होतं. पंचांपैकी एक पाटलांचे भाऊबंद, ते डळमळले. उरलेले चौघे ठाम राहिले: सवाई पुढच्या सुगीला दोन्ही वर्षांची घ्यावी, ज्वारी आज द्यावी. उन्हं कलली होती. पाटलांनी करदोड्याची गाठ सोडली, कोठी उघडली, पायली स्वतःच्या हातानं भरली. एक. दोन. बाईनं पदरात घेतली आणि ती गेली.

पाटील मात्र कोठीच्या दारात तसेच उभे राहिले.

“आता वही काढा,” ते पंचांना म्हणाले. “कोठीत किती होती, किती गेली, किती उरली. माह्या बापाले कोनी पुसलं नाई, मले कोनी पुसलं नाई. तुमाले म्या पुसनार.”

पंच एकमेकांकडे पाहू लागले. वही कुणीच आणली नव्हती, आणि आणली असती तरी पाचांपैकी एकालाही लिहिता येत नव्हतं. दिवस मावळायला आला होता. एका पोराला भाच्याकडे पळवलं, दौत-टाक घेऊन ये म्हणून.