पगडीची पावती

आमच्या बँकेत पावतीशिवाय पैसा घेत नाहीत आणि सहीशिवाय देत नाहीत. अशा ठिकाणी वीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या अस्मादिकांचे तीर्थरूप एकदा पंधरा हजार रुपये पावतीशिवाय देऊन बसले होते, हे मी कचेरीत कोणाला सांगत नाही.

गोष्ट १९८४ सालची. गिरगावातल्या दोन खोल्यांसाठी वडिलांनी चाळमालकाला पगडीपैकी एवढे आगाऊ मोजले. महिन्याभरात मालकाने जास्त देणाऱ्याला खोल्या दिल्या आणि वर विचारलं, "कसले पैसे, मास्तर?" १९४७च्या भाडे कायद्याने मालकाने पगडी घेणं गुन्हा होता, तेव्हा पावती कुठली? आई म्हणाली, "कोर्टात जा." वडील म्हणाले, "आणि सांगू काय? साहेब, आम्ही दोघांनी मिळून कायदा मोडायचं ठरवलं होतं, पण यानं दगा दिला?"

इंग्लंडात १७२५ साली एका वाटमाऱ्याने हेच सांगितलं होतं! भागीदार लुटीचा हिशेब देईना म्हणून दावा लावला. अर्जात लूट हा शब्द नाही हं. दोघे सद्गृहस्थांशी 'व्यवहार' करत आणि घड्याळं, अंगठ्या 'स्वस्तात' मिळवत, इतकंच. कोर्टाने दावा फेटाळला, वकिलांना दंड ठोठावला. दोघे भागीदार पुढे यथावकाश फासावर गेले. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं तेविसावं कलमही हेच म्हणतं : हेतू बेकायदा, तर करार रद्दबातल. चोरांच्या वहीतली बेरीज न्यायाधीशाने का तपासावी? अगदी बरोबर.

पण एक खुपतं. कोर्टाने हात झटकले की पैसे असतात त्याच खिशात राहतात, आणि तो खिसा बहुधा लबाडाचा असतो. वाटमारे दोघे सारखेच होते. आमचे वडील आणि चाळमालक सारखे कसे? एकाला पैसा हवा होता, दुसऱ्याला छप्पर. १९८६ साली बिहारच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा फरक मानला. भाडेकरूने कायद्याविरुद्ध मालकाला आगाऊ रक्कम दिली होती; ती भाड्यात वळती करून घेण्याचा त्याचा हक्क कोर्टाने मान्य केला. गरजेपोटी देणारा आणि अडवून घेणारा सारखेच दोषी नव्हेत, हे त्यामागचं कारण.

नोकरीला लागल्यावर मी हे वडिलांना डोंबिवलीच्या घरात वाचून दाखवलं. (गिरगाव हुकल्याने आम्ही डोंबिवलीकर झालो, तेव्हापासून लोकलला लोंबकळतो आहे.) ते म्हणाले, "त्याच्याकडे काहीतरी लेखी असणार." मग मी सांगितलं, २००० साली नवा भाडे कायदा लागू झाला, आता पगडी घेणं कायदेशीर आहे. वडिलांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे मी सोळा वर्षं आधी दिली म्हणायची," ते म्हणाले.