लेखकाचें ऋण

दुसऱ्याच्या दुःखाचें वर्णन करून लेखक कीर्ति मिळवितो. त्या दुःखाचें कांहीं ऋण त्याजवर राहतें काय? लेखकानें सत्य सांगावें, वाचकाचें मन हालवावें, आणि तेथें त्याचें कर्तव्य संपावें, असा सामान्य समज आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो.

व्यसनी मनुष्याची कथा महाराष्ट्रास नवी नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'नें सुधाकराचा अधःपात दाखवून प्रेक्षकांच्या पिढ्या रडविल्या. पण नाटकगृहांतील अश्रु पडदा पडल्यावर लवकर सुकतात. सिंधूसाठीं रडलेला गृहस्थ शेजारच्या मद्यप्याच्या बायकोची विचारपूस करीलच, असें नाहीं. नाटककाराकडून याहून अधिक मागतां येत नाहीं; त्याचीं पात्रें कल्पनेचीं असतात. परंतु ज्याचीं पात्रें हाडामांसाचीं आहेत, त्या लेखकानें काय करावें?

डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें एक उत्तर सांपडतें. जुन्नर तालुक्यांतील ओतूरचे हे गृहस्थ वैद्यकीची पदवी घेऊनही दवाखान्यांत रमले नाहींत. हमाल, तंबाखूच्या वखारींतल्या स्त्रिया अशा उपेक्षितांमध्यें हिंडून त्यांचें जिणें साध्या शब्दांत मांडणें, हेंच त्यांनीं आपलें काम मानलें. पुढें ब्राउन शुगर, म्हणजे 'गर्द', या विषारी पुडीनें शहरांतील तरुण पोखरूं लागले, तेव्हां अवचटांनीं त्यांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं द्रव्यसाह्य देऊं केलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र उभें राहिलें. त्याचा मुख्य भार वाहिला तो अवचटांच्या पत्नी, मनोविकारांच्या वैद्य डॉ. अनिता यांनीं. १९९७ सालीं त्या निवर्तल्यावर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं तो पुढें चालविला.

येथें खरा नैतिक पेंच सुरू होतो. व्यसन हा रोग मानला, तर रोग्यास जबाबदार कसें धरावें? आणि दोष मानला, तर पुन्हां पुन्हां घसरणाऱ्यासाठीं दार उघडें कां ठेवावें? आमच्या मतें मधुमेहाचें उदाहरण उपयोगी पडेल. मधुमेह जडला हा रोग्याचा अपराध नव्हे. पण पथ्य सांभाळणें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास साधणार नाहीं. पथ्य मोडलें म्हणून वैद्य त्यास हांकलून देत नाहीं. मुक्तांगणांत सावरलेले रुग्णच पुढें नव्या रुग्णांचे साह्यकर्ते होतात, यांत हेंच तत्त्व आहे. ज्यास कालपर्यंत सर्वांनीं टाकलें, त्याच्यावरच दुसऱ्याचा भार सोंपवावा, याहून मोठा विश्वास कोणता? दयेनें मनुष्य जगतो, पण विश्वासानें तो उभा राहतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक लेखकानें रुग्णालय काढावें काय? मुळींच नाहीं. कार्यांत गुंतलेल्या लेखकाची दृष्टि पक्षपाती होते, हा आक्षेपही अगदींच पोकळ नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ऋण आहे हें मान्य करावें. फेडीची रीत ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणें. आणि हें ऋण एकट्या लेखकाचें नव्हे. देशपांडे पतिपत्नी त्या लेखांचे वाचकच होते. वाचून त्यांनीं ते लेख बाजूस ठेवले असते, तर?

म्हणून हा प्रश्न पुण्याचा नसून आमच्या मानवतासारख्या कापूसबाजाराच्या गांवाचाही आहे. प्रतिष्ठित घरांतील मुलगा दारूच्या आहारीं गेला कीं, तो 'शिकावयास बाहेरगांवीं आहे' असें सांगितलें जातें. लग्न लावून दिलें म्हणजे सुधारेल, असें ठरतें, आणि एका दुःखीं जीवास दुसरा जोडला जातो. ज्वर आला तर ज्यासाठीं रात्रीं डॉक्टरास उठवितात, त्याच मुलाचा हा रोग वर्षानुवर्षें लपविला जातो. मुलाच्या प्रकृतीहून घराची अब्रू अधिक जपली जाते, हें कटु आहे. पण खरें आहे.

परक्याच्या मुलाची करुण कथा वाचून आपण हळहळतों. ती हळहळ खरी असेल, तर तिचा पहिला हप्ता घरांतच फेडावा: मुलाचा रोग त्याच्या नांवानें उच्चारावा, आणि त्यास वेळेवर वैद्याकडे न्यावें.