मुलग्यांना काय द्यायचं?

मुलींसाठी काही घ्यायचं असलं की आम्ही बायका दुकानात तासभर रमतो. मुलग्याची पाळी आली की पाच मिनिटांत आटपतो. लहान असेल तर बंदूक नाहीतर मोटार. कॉलेजात असेल तर बेल्ट, पाकीट, सेंटची बाटली. तेही सुचलं नाही तर लिफाफ्यात पाचशे एक घालून मोकळ्या. "मुलग्यांना काय द्यायचं बाई?" हे वाक्य घरोघरी ठरलेलं.

खरं तर हा प्रसंग जरा वेगळा आहे. भाऊबीजेला भाऊ देतो, आपण घेतो. लग्नकार्यातला आहेर वहीत लिहिलेला असतो, त्यात आपली निवड थोडीच, परतफेडच जास्त. पण भाच्याच्या, पुतण्याच्या वाढदिवसाला बाई स्वतःच्या मनानं एक वस्तू निवडते आणि वाढत्या मुलग्याच्या हातात ठेवते. म्हणजे त्या वस्तूची जबाबदारी कुणावर ढकलता येत नाही.

आपल्याकडं देण्याचा विचार फार बारकाईनं झालेला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रत येतं. अनर्थ म्हणजे इथं संकट नव्हे, तर 'विनाप्रयोजन'. काही कारण नसताना जोडलेलं पाप. त्याच्या पाच प्रकारांत एक हिंसादान. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अशा न देण्याच्या वस्तू मोजून सांगितल्या आहेत. त्यांत कुऱ्हाड आणि तलवार आहे, तशी जमीन खणायची कुदळही आहे. पहिल्यांदा वाचताना मी तिथं थबकले. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर भागातला आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा. कुदळ-खुरपं प्रत्येक घरात आहे आणि शेजाऱ्यानं मागितलं तर आपण देतोही. मग ते पाप का? उत्तर त्या 'अनर्थ' शब्दात आहे. शेतकऱ्याच्या कुदळीला प्रयोजन आहे. प्रयोजन न बघता, जीव जाईल अशी वस्तू उगीच कुणाच्या हातात देणं, हा दोष.

वाढदिवसाच्या भेटींना हे माप लावून बघा. प्लॅस्टिकच्या बंदुकीनं मुंगीही मरत नाही, हे खरं. पण "ठो!" केल्यावर समोरच्यानं खोटं खोटं मरायचं आणि आपण टाळ्या पिटायच्या, हे प्रयोजन कुठलं? चामड्याच्या पाकिटानं तरी असं काय साधतं, जे कापडी पाकिटानं साधत नाही? आणि लिफाफा दिला की आपण सुटलो, असं वाटतं खरं. पण त्यात देणं कमी आणि विचार टाळणंच जास्त.

खरी अडचण मुलगा स्वतः मागतो तेव्हा येते. माझ्या भाच्याला चौदावं लागलं, तेव्हा त्यानं सीझन बॉल मागितला. टेनिस बॉलवर खेळायचे दिवस संपले होते. सीझन बॉल म्हणजे आत बूच आणि सुतळी, वर चामडं, वजन 156 ते 163 ग्रॅम. मी म्हटलं, "चामड्याचं मी देणार नाही रे. दुसरं काहीही माग."

"सगळ्यांकडं आहे की, आत्या. आणि बाबांचे बूट?"

"बाबांचं बाबांना विचार. मी माझ्या हाताचं सांगते."

मी बॅट दिली. काश्मिरी विलोची, चांगली. पुढं टीमच्या पोरांनी वर्गणी काढून बॉल आणला आणि माझ्या बॅटनं तोच बॉल सीमेपार जाऊ लागला. जाऊबाई हसून म्हणाल्या, "काय उपयोग झाला तुमच्या नियमाचा?"

प्रश्न खरा आहे. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं, तिन्ही आपल्याकडं सारखीच मोजतात. मग बॅट देणं हे अनुमोदन नाही का? थोडंसं असेलही. पूर्ण निर्लेप हात मुनींचे, त्यांची महाव्रतं. आपली अणुव्रतं. संसारात राहायचं तर रेघ कुठंतरी मारावीच लागते. ती कुठं मारली आणि का, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. मी माझ्या हातापाशी मारली. "मी देणार नाही" आणि "तू घेऊ नको" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं माझं व्रत. दुसरं म्हणजे माझं व्रत त्याच्या डोक्यावर ठेवणं. बंदी घातली असती तर तो बॉल दप्तरात लपवून खेळला असता आणि अहिंसा म्हणजे आत्याची कटकट, एवढंच शिकला असता.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत मूलनायक नेमिनाथ आहेत. बसदी 1204 सालची. दर्शनाला आपण सगळ्याच जातो, गोष्टही सगळ्यांना पाठ आहे. राजुलशी लग्न करायला निघालेल्या तरुण नेमिकुमारांना वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला. "ही कशासाठी?" त्यांनी सारथ्याला विचारलं. त्यांच्याच वरातीच्या जेवणासाठी. रथ तिथूनच फिरला. सोहळा त्यांचा, सगळं त्यांच्या आनंदासाठी मांडलेलं. पण तो कुणाच्या जिवावर, हे विचारलं ते त्या तरुणानंच. कुठल्या वडीलधाऱ्यानं त्यांना अडवलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, मुलग्याला वस्तू देताना तिच्याबरोबर हा प्रश्नही जावा. उपदेश करून नव्हे. एखादी वस्तू आपण का देत नाही, ते एकदा, एका वाक्यात, न रागावता सांगितलं की पुरे. बॉलचं चामडं कुठनं येतं, हे त्याला आता माहीत आहे. त्याचं काय करायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. तो ज्या वर्षी ठरवेल तेव्हा ठरवेल. तोवर दरवर्षी वाढदिवस येणार आहे आणि दुकानात मला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार आहे.