वृद्धांची शुश्रूषा: कर्तव्य कोणाचे, मोबदला कशाचा

आशा स्वयंसेविकेच्या कामात वृद्धांच्या घरभेटी उशिरा आल्या. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार वस्तीमागे एक अशी तिची नेमणूक सुरू झाली, ती मुख्यतः बाळंतपण आणि लसीकरण यांसाठी. पुढे रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा तिच्याकडे आला आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसेही तिच्या यादीत आली. कागदोपत्री हे काम नोंदीचे असते. प्रत्यक्षात गोळ्या संपल्या का, हे विचारायला गेलेल्या आशाताईला जेवण का जात नाही, मुलाचा फोन कधी आला होता, श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, हेही ऐकून घ्यावे लागते. पुष्कळदा खरे दुखणे तिथेच सापडते.

यातून धर्मविचारातले दोन प्रश्न उभे राहतात. आईबापांची काळजी परक्या बाईने घ्यायची, तर मुलांच्या कर्तव्याचे काय? आणि ही सेवा असेल, तर तिचे पैसे मागावेत का?

मराठी मनात पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुंडलिकाच्या कथेने दिलेले आहे. तो आईबापांच्या सेवेत असताना देवालाही विटेवर थांबावे लागले. कथा थोर आहे. पण तिच्यात घराबाहेरचे कोणी नाही. ज्यांना पुंडलिक नाही, त्यांचे काय, हे ती सांगत नाही.

ते बौद्ध भिक्खुसंघाच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या पाली विनयपिटकातील महावग्ग सांगतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही कामाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आपला शिष्य आनंद याच्या साथीने त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले आणि मग भिक्खूंना जाब विचारला: इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? प्रसंग आजाऱ्याचा असला तरी वार्धक्याचे मर्म त्यात आहे, कारण म्हाताऱ्या माणसाला सर्वांत जास्त सलते ते आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही, हेच. बुद्धाने नियमही घालून दिला. आधी गुरू किंवा शिष्य, मग गुरुबंधू; यांपैकी कोणी नसेल तर संघाने शुश्रूषा करावी, न केल्यास संघाला दोष लागतो. जवळच्यांचे कर्तव्य पहिले, समाजाचे त्यानंतरचे. पण दोन्हीही बंधनकारक. आज आपल्याकडे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मिळवता येतो. त्यांचे जवळ बसणे मिळवता येत नाही. ती उणीव आशाताई काही अंशी भरून काढते, आणि ती हे समाजाच्या वतीने करते.

दुसऱ्या प्रश्नाचा उलगडाही त्याच प्रकरणात आहे. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण तिथे सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, मलमूत्र-वांतीची किळस नसणे, धर्मकथेने रुग्णाला धीर देणे, आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रभावाने सेवा करणे. शरीराची आणि मनाची काळजी इथे वेगळी काढलेलीच नाही. लाभाची आस नसावी, असे म्हणणाऱ्या या ग्रंथात लगेच पुढे एक तरतूद येते: भिक्खू वारला, तर त्याचे पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे आहेत. निरपेक्षता सेवा करणाऱ्याच्या मनाशी निगडित आहे. देणे चुकते करण्याची जबाबदारी समुदायाची आहे.

गीतेतील निष्काम कर्मही असेच वाचायला हवे. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. काम करवून घेणाऱ्याला मोबदला रोखून धरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. आशांना कामगार न मानता स्वयंसेविका म्हणण्यात हा फरक पुसला जातो. त्यांना ठरलेला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन आहे. आणि म्हातारीशेजारी घालवलेला अर्धा तास कोणत्याही एका कामात धड बसत नाही. महाराष्ट्रातील आशांनी 2023-24 मध्ये मानधनवाढीसाठी संप केला, तेव्हा त्यांनी सेवाभाव सोडला नव्हता. त्या समाजाकडे त्याचे देणे मागत होत्या.