सुटकेनंतरची पाच वर्षं

तेरखेड्याची ओळख फटाक्यांची. वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव. सुतळी बॉम्बसाठी आधी कागदाची पुडी, मग आत दारू, वरून खळ लावलेल्या सुतळीचे घट्ट वेढे आणि शेवटी ऊन. समजा, मारामारीच्या गुन्ह्यात दोन वर्षं शिक्षा भोगून एक जण इथे परतला. कामाची हाताला सवय आहे. त्याला घ्यायचं का? कारखानदार मामा आणि वकील भाची यांच्यातला वाद असा होईल.

"मनात असलं तरी घेता येत नाही, ताई," मामा म्हणतात.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. १८८४च्या स्फोटक कायद्यातल्या कलम ६-अ नुसार, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान सहा महिन्यांची शिक्षा झालेल्या माणसाला ती संपल्यावर पाच वर्षं स्फोटकं बनवता किंवा विकता येत नाहीत.

"पण माणूस पुन्हा घसरतो तो सुटल्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतच. गावाचा धंदा नेमका तेव्हाच बंद! मग त्यानं जायचं कुठं? जुन्या सोबत्यांकडंच ना?" भाची विचारते.

"एका ठिणगीत शेड जाते. कामावरच्या बायकांच्या घरी मी काय सांगू?"

या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

तरी कैद्यांवर भरवसा ठेवता येतो, यासाठी भाची औंध संस्थानाचा दाखला देते. १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंतींविना तुरुंग, कैदी शेती करत. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला.

"तिथं राजा पाठीशी होता. माझ्यामागं कोण?"

"राज्य सहकारी बँकेनं २०२२मध्ये येरवड्याच्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' कर्ज योजना काढली. पन्नास हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी."

"बँकेचे बुडाले तर पैसे बुडतील. इथं जीव जाईल."

मामांचं हे म्हणणं खरं आहे. पण म्हणून संशयालाच कायमचं घर द्यायचं का? ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो १९५२मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की नजर आजही पारधी पेढीकडं, त्यांच्या वस्तीकडंच वळते. शिक्का किती टिकतो, हे या भागाला सांगायची गरज नाही.

"मामा, रिकाम्या पुडीत दारू नसते. पुड्या वळायचं काम शेडपासून लांब द्या. कायदा मोडत नाही, हाताला कामही मिळतं."

मामा थोडं थांबतात. "बायकांना सांगायचं की नाही? सांगितलं तर कुणी त्याच्याशी बोलणार नाही. लपवलं आणि उद्या कळलं, तर माझ्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही."

"सांगायचं. त्याला विचारून, त्याच्यासमोर."

"आणि ज्याला त्यानं मारलं, त्याचं घर? तेही इथंच आहे. त्यांची पोरगी माझ्याकडं सुतळी गुंडाळते."

हे भाचीच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग आधी त्यांच्याकडं जाऊ," ती म्हणते. "ते नको म्हणाले, तर काम त्याच्या घरी पोचवू."

"आणि त्याचा खाडा पडला तर?"

"तर विचारायला तुम्ही जायचं, मामा. पोलिसांच्या आधी."