हात धरणारे हवेत



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सामध्ये एका तरुणाला फिट आली. कुणी त्याच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या, कुणी चप्पल नाकाशी धरली. पुढच्या आठवड्यात त्याची आई मला म्हणाली, "फादर, यापुढे आम्ही पहाटेच्या मिस्साला येऊ. गर्दी कमी असते. लोकांना त्रास नको."

संत मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायातला बाप आठवा. त्याचा मुलगा कोसळतो, तोंडाला फेस येतो. शिष्य हरलेले, शास्त्री वाद घालण्यात गुंतलेले. येशूने मात्र बापाला विचारले, की हे किती दिवसांपासून होत आहे. डॉक्टरही आधी हेच विचारतात! आणि शेवटी येशूने मुलाचा हात धरला.

या उताऱ्यावरून कुणा रुग्णाला भूतबाधा झाली, असे म्हणू नका. फेफरे, म्हणजेच अपस्मार, हा मेंदूतील विद्युत संदेश बिघडल्याने होणारा आजार आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यानेही अपस्माराच्या रुग्णाला भूतबाधितांच्या पंक्तीत बसवून गुरुदीक्षेपासून दूर ठेवले होते. १९८३ च्या कायद्यात ती अट उरली नाही. ख्रिस्तसभा शिकली, आपणही शिकू या.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही सुमारे तीनपैकी एका रुग्णाच्या फिट थांबत नाहीत. हा त्याचा दोष नाही. घरच्यांची श्रद्धा कमी पडली, असेही नाही. अशा वेळी अपस्माराच्या तज्ज्ञांना दाखवावे. काहींना शस्त्रक्रियेचा, काही मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखालील विशेष आहाराचा उपयोग होतो. नोव्हेना जरूर करा, पण गोळी चुकवू नका आणि मनाने बंद करू नका. जागरण टाळा. विहिरीवर, तलावावर रुग्णाला एकटे सोडू नका.

फिट आली तर डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका. फिट ५ मिनिटांपेक्षा लांबली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर तातडीने इस्पितळात न्या.

आणि सांभाळणाऱ्यांना विसरू नका. रात्र रात्र जागणाऱ्या आईला एखाद्या दुपारी सांगा, "तुम्ही जरा पडा, मी बसते त्याच्याजवळ." हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

त्या माउलीला मी सांगितले आहे : आठच्याच मिस्साला या, पुढच्या बाकावर बसा. तिच्या शेजारी बसायला कोण येणार?

प्रभूचा आशीर्वाद तुम्हा सर्वांवर असो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू